विमा आला, दमा गेला? एका पेपरचं वाचन

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. आमच्या विभागात दर शुक्रवारी दुपारी जर्नल क्लब असतो. एकाने पेपर मांडायचा, बाकीच्यांनी त्यात खोट काढायची. माझी पाळी आली तेव्हा मी अमेरिकेतला एक अभ्यास निवडला होता. न्यूयॉर्क राज्यात मुलांना सरकारी आरोग्य विमा मिळाला, तर त्यांच्या दम्याच्या उपचारात काय फरक पडला, असा विषय. आकडे इतके छान होते की शेवटच्या स्लाइडवर मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'विम्यामुळे दम्याचे अ‍ॅटॅक निम्म्याहून कमी झाले.'

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "फॉर्म भरायला लोक कधी जातात रे?"

मला प्रश्नच कळला नाही. सगळे हसले, मीही हसलो. कळायला पुढे बरेच दिवस लागले. ते कळलं तेव्हा पेपर कसा वाचायचा हे थोडंफार समजलं असं म्हणायला हरकत नाही. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय किंवा नुकतेच रजिस्टर झालाय, म्हणून तोच पेपर आज पुन्हा तुमच्यासोबत वाचतो.

आधी पार्श्वभूमी

अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड ही सरकारी योजना १९६५ पासून आहे. पण ज्यांचं उत्पन्न मेडिकेडच्या मर्यादेच्या थोडं वर आणि खासगी विमा मात्र परवडत नाही, अशा घरांतली मुलं मधल्या मध्ये लटकत होती. त्यांच्यासाठी १९९७ मध्ये 'स्टेट चिल्ड्रन्स हेल्थ इन्शुरन्स प्रोग्रॅम' आला. आता त्याला चिप म्हणतात. पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात, योजना राज्य चालवतं.

मग विम्याचा परिणाम मोजायला दमाच का निवडायचा? कारण दमा हा रोज सांभाळायचा आजार आहे. श्वासनलिकेची सूज आटोक्यात ठेवणारं स्टेरॉइडचं इन्हेलर रोज घेतलं, तर बहुतेक मुलं शाळेत जातात, खेळतात. ते सुटलं की सूज हळूहळू वाढते आणि एखाद्या रात्री धाप लागून मूल इमर्जन्सीत पोचतं. म्हणजे नियमित उपचाराची वाट मोकळी झाली, तर इमर्जन्सीतली गर्दी कमी व्हायला हवी. विम्याने खरंच काही होत असेल, तर ते इथे दिसायला पाहिजे.

पेपर काय म्हणतो

रोचेस्टरचे बालरोगतज्ज्ञ पीटर सिलाजी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००६ मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या जर्नलमध्ये आला. योजनेत नव्याने नाव घातलेल्या मुलांमधून त्यांनी नमुना निवडला आणि २६४४ मुलांच्या पालकांशी फोनवर बोलले. नाव घातल्यावर लगेच एकदा, मग वर्षाने पुन्हा. पहिल्या मुलाखतीत 'योजनेच्या आधीचं वर्ष कसं गेलं' हे विचारलं, दुसऱ्या मुलाखतीत 'योजनेतलं वर्ष कसं गेलं' हे. या मुलांपैकी सुमारे १४ टक्के मुलांना दमा होता.

आता आकडे बघा. ज्यांची उपचाराची काही ना काही गरज अपुरी राहिली होती, असं प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आलं. वर्षातल्या अ‍ॅटॅकची सरासरी ९.५ वरून ३.८ वर आली. दम्यासाठी अ‍ॅडमिट व्हावं लागलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. आणि बहुतेक पालकांनी सुधारणेचं श्रेय विम्याला किंवा स्वस्त झालेल्या औषधोपचाराला दिलं.

खरं सांगतो, हे आकडे पाहून मी भारावून गेलो होतो. तुम्हीही थोडे गेला असाल.

मॅडमचा प्रश्न

आता परत त्या प्रश्नाकडे. फॉर्म भरायला लोक कधी जातात?

स्वतःच्या घरातलं आठवून बघा. योजनेचं कार्ड काढायचंय, उत्पन्नाचा दाखला आणायचाय, तलाठ्याकडे जायचंय, हे काम आपण वर्षानुवर्षं पुढे ढकलतो. ज्या वर्षी घरात दुखणं निघतं, त्या वर्षी धावत जाऊन करतो. न्यूयॉर्कच्या आई-वडिलांचा स्वभाव यापेक्षा फार वेगळा असेल असं वाटत नाही.

आणि दम्याचं वैशिष्ट्य म्हणजे तो सारखा वर-खाली होतो. समजा, एका मुलाला वर्षाला सरासरी पाच अ‍ॅटॅक येतात. पण एखाद्या वर्षी नऊ, एखाद्या वर्षी दोन. घरचे फॉर्म भरतात ते नऊवाल्या वर्षी. पुढच्या वर्षी काहीही केलं नाही, तरी आकडा पाचच्या आसपास उतरायची शक्यता जास्त. त्यात विम्याचा काही हात नाही. याला रिग्रेशन टु द मीन म्हणतात. मराठीत आपण 'सरासरीकडे परतणं' म्हणू.

शिवाय मूल एका वर्षाने मोठं झालंय. लहानपणी छातीत घरघर होणारी बरीच मुलं वाढत्या वयात आपोआप बरी होतात. आपल्याकडे आजी म्हणतेच, 'मोठा झाला की जाईल.' काही मुलांच्या बाबतीत आजी बरोबर असते.

म्हणजे ९.५ वरून ३.८ या घसरणीत तीन गोष्टी मिसळल्या आहेत: विम्याचा परिणाम, वाईट वर्षानंतरचं सरासरीकडे परतणं, आणि वय. पेपरमधल्या आकड्यांवरून त्या सुट्या करता येत नाहीत. माझ्या स्लाइडवरचं 'विम्यामुळे' हे क्रियाविशेषण मला परवडणारं नव्हतं.

पण तुलनागट होता ना?

मीही हेच म्हणालो होतो. लेखकांनी ४०१ मुलांचा वेगळा गट घेतला होता. एक वर्ष उशिरा योजनेत आलेल्या मुलांचा. 'कंपॅरिझन ग्रूप' हा शब्द दिसला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. इथेच थांबा आणि विचारा: हा गट नेमकी कोणती शंका मिटवण्यासाठी घेतलाय?

पहिल्या गटाचं योजनेआधीचं वर्ष आणि या दुसऱ्या गटाचं योजनेआधीचं वर्ष, यांची तुलना केली की एक गोष्ट कळते. त्या काळात राज्यभर सगळ्यांचाच दमा सुधारत होता का? नवीन औषध आलं, हवा सुधारली, डॉक्टर बदलले, असं काही होतं का? दोन्ही गटांचं 'आधीचं वर्ष' सारखं निघालं, तर ती शंका मिटते. लेखकांनीही गट त्याचसाठी घेतल्याचं स्पष्ट लिहिलंय.

पण दुसरा गटसुद्धा फॉर्म भरतानाच गाठलाय! म्हणजे त्यांचंही आधीचं वर्ष वाईट असण्याचीच शक्यता जास्त. दोन्ही गट एकाच दारातून आत आलेत, त्यामुळे दारातच असलेला दोष त्यांच्या तुलनेतून दिसणार नाही. सरासरीकडे परतण्याची शंका या गटाने मिटत नाही.

मला या पेपरमधून मिळालेली सगळ्यात मोठी शिकवण हीच. तुलनागट आहे की नाही हे विचारू नका. तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उभा केलाय ते विचारा.

आता लेखकांची बाजू

इथे थांबून 'पेपर फेल' असा शिक्का मारायचा मोह होतो. जर्नल क्लबमध्ये तर फारच होतो, कारण खोट काढणारा हुशार दिसतो. पण टीका म्हणजे नुसती खोट काढणं नाही, त्यामुळे तीन गोष्टी नोंदवायला हव्यात.

एक, त्यांनी दम्याच्या रुग्णांना दवाखान्यात जाऊन गाठलेलं नाही. योजनेत आलेल्या सगळ्या मुलांमधून नमुना घेतला आणि त्यातल्या दमा असलेल्या मुलांकडे पाहिलं. कितीतरी घरांनी फॉर्म दम्यासाठी नाही, तर नोकरी गेली, शाळेत सांगितलं, शेजारणीने भरला, अशा कारणांनी भरला असणार. त्यामुळे सरासरीकडे परतण्याचा जोर इमर्जन्सीत निवडलेल्या मुलांपेक्षा इथे कमी असेल. किती कमी, ते सांगता येत नाही.

दोन, दोन्ही मुलाखती पूर्ण वर्षाबद्दल आहेत. दमा ऋतूनुसार बदलतो, त्यामुळे हिवाळ्याची उन्हाळ्याशी तुलना केली असती, तर पेपर तिथेच संपला असता. ती चूक त्यांनी केलेली नाही.

तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. सगळे आउटकम सारखे कच्चे नसतात. विम्यापासून बऱ्या झालेल्या मुलापर्यंत एक साखळी आहे: कार्ड, मग ठरलेला डॉक्टर, मग औषधाची चिठ्ठी, मग हातात आलेलं औषध, मग रोज घेतलेलं औषध, मग कमी झालेले अ‍ॅटॅक. साखळीतल्या जवळच्या कड्या, म्हणजे 'लागणारा उपचार राहून गेला का', आपोआप सुधारायचं फारसं कारण नाही. दूरच्या कड्या, म्हणजे अ‍ॅटॅकची संख्या, आपोआप वर-खाली होतात. म्हणून ४८ वरून २१ या आकड्यावर माझा विश्वास बराच आहे, ९.५ वरून ३.८ वर कमी. मी मात्र स्लाइडवर नेमका दुसरा आकडा टाकला होता, कारण तो जास्त नाट्यमय होता.

एक कमकुवत बाजू मात्र दोन्ही आकड्यांना लागू होते. सगळी माहिती पालकांच्या आठवणीतून आलीय, दम्याची ओळखसुद्धा त्यांच्याच उत्तरांवरून. शिवाय नव्याने मदत मिळालेला माणूस मदतीबद्दल जरा बरंच बोलतो. दवाखान्याच्या नोंदी जोडून पाहिल्या असत्या, तर निदान अ‍ॅडमिट होण्याचा आकडा पक्का झाला असता.

मग चांगली रचना कशी असते?

ज्यात माणूस आपल्या दुखण्याप्रमाणे योजनेत येत नाही, अशी. दोन उदाहरणं सांगतो.

ओरेगन राज्याने २००८ मध्ये प्रौढांसाठी मेडिकेडच्या मर्यादित जागा लॉटरीने वाटल्या. सुमारे ९० हजार लोकांनी नावं दिली होती. चिठ्ठी निघणं हा निव्वळ नशिबाचा भाग, त्यामुळे तुलना स्वच्छ. तिथे दिसलं की विमा मिळाल्यावर आर्थिक ताण आणि नैराश्य कमी झालं, पण दोन वर्षांत रक्तदाबात लक्षणीय फरक दिसला नाही. इमर्जन्सीतल्या भेटी तर सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या! 'नियमित उपचार मिळाला की इमर्जन्सी कमी होते' या आपल्या आवडत्या समजुतीला हा चांगलाच धक्का होता. अर्थात ही प्रौढ माणसं होती. मुलांच्या दम्याबद्दल यावरून थेट काही म्हणता येत नाही.

मुलांबाबतचं उदाहरण जन्मतारखेचं आहे. अमेरिकी संसदेने १९९० मध्ये कायदा केला की गरीब घरांतल्या ज्या मुलांचा जन्म ३० सप्टेंबर १९८३ नंतरचा आहे, त्यांना मेडिकेड मिळेल. एका दिवसाच्या फरकाने एक मूल आत, दुसरं बाहेर. आजाराचा अंदाज घेऊन कोणी जन्मतारीख निवडत नाही. लॉरा व्हेरी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ही मुलं २५ वर्षांची झाल्यावरच्या नोंदी तपासल्या. तारखेनंतर जन्मलेल्या कृष्णवर्णीय तरुणांचं अ‍ॅडमिट होणं आणि इमर्जन्सीत जाणं कमी दिसलं. म्हणजे बालपणीच्या विम्याचा परिणाम असू शकतो, आणि तो दिसायला एक वर्ष फार कमी पडत असेल.

'विमा' नावाचा चल

आता माझी या सगळ्या प्रकारच्या अभ्यासांबद्दलची मोठी तक्रार. आपण डेटामध्ये विमा हा चल शून्य किंवा एक असा घालतो. आहे किंवा नाही. पण 'आहे' म्हणजे काय आहे?

२०२४ ची गोष्ट घ्या. फ्लोव्हेंट हे लहान मुलांना स्पेसर लावून द्यायचं अमेरिकेतलं खूप वापरलं जाणारं इन्हेलर. १ जानेवारी २०२४ पासून कंपनीने ब्रँड नावाने ते विकणं बंद केलं. तेच औषध दुसऱ्या नावाने बाजारात होतं, पण काही विमा योजनांच्या यादीत ते बसत नव्हतं. त्याच दिवसापासून औषध कंपन्यांनी मेडिकेडला द्यायच्या सवलतीवरची कमाल मर्यादा कायद्याने उठली होती, आणि अनेक जाणकारांनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला. कारण काहीही असो, अशा मुलांचं कार्ड तेच, हप्ते तेच, आणि हातातलं औषध मात्र गेलं. आपल्या डेटामध्ये या मुलांपुढे ३१ डिसेंबरलाही एक लिहिलेला आणि १ जानेवारीलाही एकच!

मोजमापाचंही तसंच. तिकडे विमा योजनांचा दर्जा तपासायला 'अस्थमा मेडिकेशन रेशो' वापरत आलेत. मुलाला मिळालेल्या दम्याच्या औषधांपैकी निम्मी तरी रोजच्या नियंत्रणाची असावीत, असा निकष. निकष चांगला आहे, पण त्यात फक्त सलग विम्यात असलेली मुलं मोजतात. ज्यांचं नाव कागदपत्रांच्या घोळात मधेच कटलं, ती छेदातूनच बाहेर. म्हणजे ज्यांची सगळ्यात जास्त आबाळ झाली, त्यांच्याशिवायच सरासरी काढली जाते. शिवाय मेडिकलमधून नेलेलं औषध मोजलं जातं, छातीत गेलेलं नाही.

ही शेवटची कडी किती मोठी आहे ते सिलाजींच्याच रोचेस्टर गावात दिसलं. जिल हॉल्टरमन आणि सहकाऱ्यांनी दमा असलेल्या ५३० मुलांवर चाचणी केली, निकाल २०११ मध्ये आले. यातली बरीचशी मुलं सरकारी विम्यात होती. अर्ध्या मुलांना शाळेतल्या नर्सने रोज समोर उभं करून इन्हेलर दिलं, बाकीच्यांचे उपचार नेहमीसारखे. नर्सच्या गटात दर दोन आठवड्यांत बिनत्रासाचा जवळपास एक दिवस वाढला. विमा आधीपासून होताच. वाढली ती मुख्यतः औषध रोज पोचण्याची खात्री.

आपल्याकडे याचा काय संबंध?

माझ्या मावसबहिणीचा मुलगा सहा वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात तो धाप लागून अ‍ॅडमिट झाला. सरकारी योजनेचं कार्ड होतं, बिल शून्य. घरी आल्यावर महिनाभराने ताईचा फोन आला. "अ‍ॅडमिट होता तोवर रुपया लागला नाही रे. पण हा पंप दर महिन्याला आणायचा म्हणे. त्याला कार्ड चालत नाही."

ताईने एका वाक्यात योजनेची रचना सांगितली. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते अ‍ॅडमिट होण्यासाठी. घरी सोडल्यावर पंधरा दिवसांपर्यंतचा खर्च त्यात येतो, पुढची ओपीडी नाही. शाळा-अंगणवाडीत होणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत दम्यासारखे श्वासाचे विकार शोधायचे असतात. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळू शकतं, पण ते त्या दिवशी तिथे असावं लागतं. साखळीच्या कड्या वेगवेगळ्या खात्यांत पडल्यात, आणि रोजचा पंप दोन कड्यांच्या मधल्या फटीत पडलाय. मूल गंभीर झालं की योजना पैसे देते. गंभीर होऊ नये म्हणून लागतो तो खर्च ताई करते.

उद्या तुमच्यापैकी कोणी या विषयावर प्रबंध लिहिला आणि 'विमा: आहे / नाही' असा रकाना ठेवला, तर ताईच्या घरापुढे 'आहे' येईल. मुलगा पुन्हा अ‍ॅडमिट झाला, तर निष्कर्ष निघेल की विम्याने फरक पडत नाही. त्यावर उद्या कोणी योजनेचा पैसा कापायचं समर्थनही करेल. ९.५ वरून ३.८ असं वाचून 'कार्ड वाटा, काम झालं' म्हणणारा आणि हा, दोघांची चूक एकच: कार्ड आणि उपचार यांतलं अंतर दोघांनीही मोजलेलं नाही.

पुढच्या वेळी पेपर हातात आला की

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता चार प्रश्न आहेत. तुम्हीही वापरून बघा.

१. माणसं अभ्यासात कधी आणि का आली? तो क्षण त्यांच्यासाठी वाईट होता का?

२. तुलनागट नेमकी कोणती शंका मिटवतो? कोणती मिटवत नाही?

३. आउटकम कारणापासून किती कड्या दूर आहे, आणि तो आपोआप बदलतो का?

४. मोजणीतून कोण गळालं?

सिलाजींचा पेपर मी पुढे माझ्या सिनॉप्सिसमध्ये वापरला. फक्त वाक्य बदललं: 'योजनेत आल्यावर अपुरे राहणारे उपचार बरेच कमी झाल्याचं पालकांनी सांगितलं, अ‍ॅटॅकमधल्या घटीपैकी किती भाग विम्याचा, हे या रचनेतून ठरत नाही.' लांबलचक आहे, स्लाइडवर मावत नाही. मॅडमनी त्यावर लाल पेनाने काही लिहिलं नाही, आणि आमच्याकडे ती शाबासकी समजतात.